घातांकाचे नियम कोठून येतात: संख्या, घात आणि बीजगणित यांचा एकत्रित सराव

आठवी आणि नववीच्या गणितात परिमेय व अपरिमेय संख्या, घातांक, विस्तार सूत्रे आणि बहुपदी ही प्रकरणे वेगवेगळ्या धड्यांत विभागलेली असतात आणि त्यामुळे अनेक विद्यार्थी त्यांचा सरावही वेगवेगळाच करतात. संख्यांच्या धड्यात व्याख्या पाठ होतात, घातांकांच्या धड्यात नियमांचा तक्ता पाठ होतो आणि बीजगणितात सूत्रे पाठ होतात. परीक्षेत मात्र कोणता नियम कोठे लागू होतो याचा गोंधळ उडतो, कारण पाठ केलेल्या नियमांना एकत्र धरून ठेवणारे सूत्र हाती आलेले नसते. वास्तविक ते अगदी साधे आहे. गणितात नव्या प्रकारची संख्या किंवा नव्या प्रकारचा घातांक आणताना बेरीज आणि गुणाकाराचे जुने नियम शक्य तोवर मोडू द्यायचे नाहीत, अशी अट पाळली जाते. शाळेतले बहुतेक नियम या एका अटीतून निघतात, आणि म्हणून ते पाठ करण्यापेक्षा स्वतः काढून पाहणे हाच माझ्या मते या प्रकरणांचा खरा सराव आहे.

सुरुवात संख्यांपासून करू. १, २, ३ अशा नैसर्गिक संख्यांत बेरीज आणि गुणाकार कधीही अडत नाहीत. कोणत्याही दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार नैसर्गिक संख्याच असते. वजाबाकी मात्र अडते, कारण ३ − ५ याचे उत्तर या संख्यांत नाही. ते उत्तर असावे म्हणून शून्य आणि ऋण संख्या आल्या व पूर्णांक संख्यांचा समूह तयार झाला. पूर्णांकांत ३ ÷ ५ अडते, म्हणून परिमेय संख्या आल्या. परिमेय संख्यांतही ज्या संख्येचा वर्ग २ आहे अशी संख्या सापडत नाही, म्हणून अपरिमेय संख्यांची गरज पडली आणि दोन्ही मिळून वास्तव संख्या झाल्या. अशा रीतीने पाहिले, तर 'प्रत्येक पूर्णांक परिमेय असतो, पण प्रत्येक परिमेय संख्या पूर्णांक नसते' यासारखी विधाने पाठ करावी लागत नाहीत. प्रत्येक नवा समूह जुन्याला पोटात घेऊनच मोठा झाला आहे, हे लक्षात ठेवले की पुरते.

आता जुने नियम न मोडण्याच्या अटीचे पहिले उदाहरण पाहू. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, या प्रश्नाला वर्गात अनेकदा 'तसा नियमच आहे' एवढेच उत्तर मिळते. धन, ऋण आणि शून्य यांच्याशी करावयाच्या क्रियांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात व्यवस्थित दिलेले आहेत आणि ऋण गुणिले ऋण धन हाही त्यांत आहे. परंतु नियम प्राचीन आहे म्हणून तो पटला असे होत नाही. तो असा पटवून घेता येतो: १ + (−१) = ० आहे, म्हणून (−१) × [१ + (−१)] हा गुणाकारही शून्यच असला पाहिजे. वितरण नियमाने कंस सोडवला, तर (−१) × १ + (−१) × (−१) असे मिळते. यातील पहिले पद −१ आहे. दोन्ही पदांची बेरीज शून्य यायची असेल, तर दुसरे पद १ असण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे (−१) × (−१) = १ हे कोणी ठरवून दिलेले नाही; वितरण नियम ऋण संख्यांनाही लागू ठेवायचा म्हटले की ते ओघाने येते. ज्या विद्यार्थ्याने हा युक्तिवाद एकदा स्वतःच्या हाताने लिहिला, त्याला चिन्हांचे नियम विसरण्याची भीती उरत नाही.

शून्याने भागता येत नाही, हेही याच प्रकारचे विधान आहे. ६ ÷ ० = क असे मानले, तर भागाकाराच्या अर्थाप्रमाणे क × ० = ६ झाले पाहिजे; पण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तर शून्यच मिळते, म्हणून असा क अस्तित्वात नाही. ० ÷ ० बाबत अडचण उलटी आहे: क × ० = ० ही अट कोणतीही संख्या पूर्ण करते, त्यामुळे एकच एक उत्तर ठरवता येत नाही. ब्रह्मगुप्ताने ० ÷ ० चे उत्तर शून्य दिले होते, ते आजच्या गणितात स्वीकारले जात नाही, त्याचे कारण हेच. पुढे बीजगणितात क्ष ने दोन्ही बाजूंना भागताना 'क्ष शून्य नाही' अशी अट का लिहावी लागते, त्याचे मूळ येथे आहे.

परिमेय संख्यांच्या सरावात सर्वांत अधिक शिकवणारी कृती म्हणजे कागदावर केलेला लांबलचक भागाकार. १ ला ७ ने भागून पाहावे आणि प्रत्येक पायरीची बाकी समासात लिहीत जावी. भाग ०.१४२८५७ असा लागत जातो आणि बाक्या अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात. सहाव्या पायरीवर १ ही बाकी आली की आपण जेथून निघालो तेथेच पोचतो आणि तेच सहा अंक त्याच क्रमाने पुन्हा येऊ लागतात. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात, म्हणून सातव्या पायरीपर्यंत एखादी बाकी पुन्हा आलीच पाहिजे. हाच विचार कोणत्याही छेदाला लागू होतो. म्हणून प्रत्येक परिमेय संख्येचे दशांश रूप एक तर खंडित असते किंवा अखंड आवर्ती असते. भागाकार खंडित केव्हा होईल, हेही यातून कळते. दशांश अपूर्णांक म्हणजे छेदात १० चा घात असलेला अपूर्णांक, आणि १० चे मूळ अवयव २ व ५ एवढेच आहेत. म्हणून अतिसंक्षिप्त रूपातील छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल, तरच भागाकार संपतो. अतिसंक्षिप्त रूपाची अट येथे विसरू नये. ३/१२ चा छेद पाहून तो आवर्ती असेल असे वाटते, पण तो १/४ म्हणजे ०.२५ आहे.

उलट दिशेचा सराव, म्हणजे आवर्ती दशांशावरून अपूर्णांक काढणे, हा तर बीजगणिताचाच सराव आहे. क्ष = ०.३६३६३६… असे मानले, तर १००क्ष = ३६.३६३६… होते; दुसऱ्यातून पहिले वजा केले की ९९क्ष = ३६ आणि म्हणून क्ष = ४/११. ही रीत ०.९९९… या संख्येवर चालवून पाहावी: १०क्ष मधून क्ष वजा केल्यावर ९क्ष = ९, म्हणजे क्ष = १. हे उत्तर पाहून विद्यार्थी बिचकतात आणि 'जवळजवळ १' असे लिहितात. येथे जवळजवळ काही नाही, ०.९९९… आणि १ ही एकाच संख्येची दोन दशांश रूपे आहेत, जशी १/२ आणि २/४ ही एकाच संख्येची दोन अपूर्णांक रूपे आहेत. १/३ = ०.३३३… याच्या दोन्ही बाजूंना ३ ने गुणले, तरी हेच दिसते.

√२ परिमेय नाही, याची सिद्धता शाळेतल्या गणितातील अत्यंत सुंदर सिद्धतांपैकी एक आहे आणि ती घाईने उरकली जाऊ नये असे मला मनापासून वाटते. √२ = म/न असे अतिसंक्षिप्त रूपात लिहिता येते, असे गृहीत धरू. दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास म चा वर्ग हा न च्या वर्गाच्या दुप्पट आहे, असे मिळते. म्हणजे म चा वर्ग सम आहे, आणि विषम संख्येचा वर्ग विषमच असल्यामुळे म सुद्धा सम आहे. म = २क असे लिहिले, तर न चा वर्ग हा क च्या वर्गाच्या दुप्पट होतो, म्हणून न देखील सम ठरतो. म आणि न हे दोन्ही सम असतील, तर म/न अतिसंक्षिप्त नव्हते, आणि येथे आपल्या गृहीताशी विसंगती येते. ही सिद्धता वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने ती √३ साठी स्वतः लिहून पाहावी आणि मग √४ साठीही लिहिण्याचा प्रयत्न करावा. √४ = २ हे तर उघड आहे, मग युक्तिवाद नेमका कोणत्या ओळीत अडतो, हे शोधण्यात या सिद्धतेचे सगळे मर्म हाती येते.

अपरिमेय संख्यांबाबत एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. वर्तुळाची उदाहरणे सोडवताना π = २२/७ असे लिहिण्याची इतकी सवय होते, की 'π परिमेय की अपरिमेय' या प्रश्नावर चांगले विद्यार्थीही चुकतात. २२/७ चे दशांश रूप ३.१४२८५७… असे आवर्ती आहे, तर π ची किंमत ३.१४१५९… अशी आहे. दोन्ही संख्या तिसऱ्याच दशांश स्थळी वेगळ्या होतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६ ही किंमत दिली, आणि ती 'आसन्न' म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळची असल्याचे स्पष्ट नोंदवले. π अपरिमेय असल्याची सिद्धता युरोपात लॅम्बर्ट याने १७६१ मध्ये दिली. म्हणून उदाहरणात 'π ची किंमत २२/७ घेऊ' असे लिहिणे योग्य, 'π बरोबर २२/७ असतो' असे म्हणणे अयोग्य.

आता घातांकांकडे वळू. या लेखात २^५ असे लिहिले, तर २ हा पाया आणि ५ हा घातांक समजावा. त्याचा अर्थ २ पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार, म्हणजे ३२. या व्याख्येवरून पहिला नियम केवळ मोजून मिळतो: २^३ × २^४ यात तीन दोन आणि आणखी चार दोन आहेत, म्हणून एकूण २^७. येथे पाया बदलत नाही, घातांकांची बेरीज होते. २^३ × २^४ = ४^७ अशी चूक वारंवार दिसते. २^३ × २^४ म्हणजे ८ × १६ = १२८, आणि ४^७ म्हणजे १६,३८४. लहान संख्या घालून एवढा ताळा पाहिला असता, तर ती चूक कागदावर राहिली नसती. ताळा पाहण्याची ही सवय या संपूर्ण भागातील सर्वांत उपयोगी सवय आहे आणि ती उदाहरण संपल्यावर नव्हे, तर नियम वापरताना मनात शंका आली त्या क्षणी वापरायची असते.

२^० म्हणजे काय? 'दोन शून्य वेळा घेऊन गुणणे' या शब्दांतून काहीच बोध होत नाही. मूळ व्याख्या येथे संपते. म्हणून पुन्हा तीच अट घालायची: अ^म × अ^न = अ^(म+न) हा नियम शून्य घातांकालाही लागू राहिला पाहिजे. मग २^३ × २^० = २^(३+०) = २^३, म्हणजे ८ ला २^० ने गुणल्यावर ८ च मिळाले पाहिजेत, आणि असे करणारी संख्या १ खेरीज दुसरी नाही. त्याचप्रमाणे २^३ × २^(−३) = २^० = १, म्हणून २^(−३) हा २^३ चा गुणाकार व्यस्त, म्हणजे १/८ झाला पाहिजे. ऋण घातांकामुळे संख्या ऋण होते, हा अनेकांचा समज येथे गळून पडतो. १६, ८, ४, २, १, १/२, १/४ या क्रमात घातांक ४ पासून −२ पर्यंत एकेकाने उतरत जातो आणि प्रत्येक पायरीवर संख्या निम्मी होते, पण ती शून्याच्या खाली कधीच जात नाही. अपूर्णांक घातांकाचेही तसेच आहे. ९^(१/२) × ९^(१/२) = ९^१ असायला हवे, म्हणून ९^(१/२) म्हणजे √९ = ३. यावरून ८^(२/३) काढायचे असेल, तर आधी घनमूळ आणि मग वर्ग घ्यावा: ८ चे घनमूळ २, त्याचा वर्ग ४. आधी वर्ग घेतला, तर ६४ चे घनमूळ काढावे लागते. उत्तर तेच येते, पण संख्या मोठ्या होतात.

पाया धन असावा, अशी अट पुस्तकात अपूर्णांक घातांकांपाशी दिलेली असते आणि वाचणारा ती सहसा ओलांडून पुढे जातो. ती कशासाठी आहे, हे एका उदाहरणाने कळेल. −८ चे घनमूळ −२ आहे, म्हणून (−८)^(१/३) = −२ असे लिहावेसे वाटते. पण १/३ आणि २/६ हे समान अपूर्णांक आहेत, आणि (−८)^(२/६) काढताना आधी वर्ग घेतला, तर ६४ चे सहावे मूळ, म्हणजे २ मिळते. एकाच राशीची −२ आणि २ अशी दोन उत्तरे आली, म्हणजे येथे जुने नियम टिकवता येत नाहीत. जेथे नियम टिकत नाहीत, तेथे व्याख्याच मर्यादित ठेवायची, हा त्या अटीचा अर्थ.

मूळ आणि चिन्ह यांच्याविषयी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच नेमके लिहून ठेवले आहे: धन आणि ऋण दोन्हींचा वर्ग धन असतो, म्हणून धन संख्येची मुळे धन व ऋण अशी दोन असतात, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कशाचाच वर्ग नाही. वास्तव संख्यांपुरते हे विधान आजही जसेच्या तसे खरे आहे. लेखनाचा संकेत तेवढा लक्षात ठेवावा लागतो: क्ष^२ = ९ या समीकरणाची उत्तरे ३ आणि −३ अशी दोन आहेत, पण √९ हे चिन्ह केवळ धन मुळासाठी, म्हणजे ३ साठी वापरतात. म्हणून क्ष^२ चे वर्गमूळ नेहमी क्ष नसते. क्ष ऋण असल्यास ते −क्ष असते, आणि दोन्ही शक्यता मिळून ते क्ष चे केवलमूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारी किंमत, ठरते. याच्याच शेजारची चूक कंसाची आहे. (−३)^२ म्हणजे ९, पण −३^२ म्हणजे −९, कारण कंस नसेल तर घात केवळ ३ चा आहे आणि वजा चिन्ह बाहेर आहे. तसेच (२^३)^२ म्हणजे ६४, परंतु २ चा घातांकच ३^२ असेल, तर २^९ म्हणजे ५१२.

घातांकांच्या सरावासाठी निव्वळ 'सोपे रूप द्या' अशा पन्नास उदाहरणांपेक्षा थोडी, पण विचार करायला लावणारी उदाहरणे घ्यावीत. २^३० मोठा की ३^२०? दोन्ही घातांक १० च्या पटीत आहेत, म्हणून पहिली संख्या ८^१० आणि दुसरी ९^१० होते, आणि गणकयंत्राला हात न लावता दुसरी मोठी असल्याचे कळते. ७^१०० चा एककाचा अंक कोणता? ७ च्या घातांचे एककाचे अंक ७, ९, ३, १ असे चारच्या चक्राने फिरतात आणि १०० ला ४ ने नि:शेष भाग जातो, म्हणून उत्तर १. विज्ञानाच्या तासाला लागणारे घातांकही येथेच घ्यावेत. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १.५ × १०^११ मीटर दूर आहे आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ × १०^८ मीटर आहे. भागाकारात १.५ ÷ ३ = ०.५ आणि १०^(११−८) = १०^३, म्हणून प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. शून्ये मोजत बसण्यापेक्षा घातांकांची वजाबाकी किती सोयीची आहे, हे अशा एका उदाहरणातून पुरेसे स्पष्ट होते.

बीजगणितात संख्येच्या जागी अक्षर येते, आणि येथे अनेकांचा धीर सुटतो. अक्षर ही संख्याच आहे, फक्त ती कोणती हे अजून सांगितलेले नाही, एवढे मनाशी पक्के धरले की भीती बरीच कमी होते. अज्ञात संख्यांसाठी चिन्हे वापरण्याची पद्धत भारतात जुनी आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या बीजगणितावरील ग्रंथात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' आणि पुढील अज्ञातांना 'कालक', 'नीलक', 'पीतक' अशी रंगांची नावे दिली आहेत व लिहिताना त्यांची या, का, नी, पी अशी पहिली अक्षरे घेतली आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे आणि तो १२०७ सालचा आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर बीजगणिताचे अध्यापन किती जुने आहे, याची ती लेखी साक्ष आहे आणि खानदेशातील प्रत्येक शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना ती एकदा दाखवून आणावी असे मला वाटते.

बीजगणितात समान चिन्हाचे दोन उपयोग होतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. (अ + ब)^२ = अ^२ + २अब + ब^२ हे अ आणि ब यांच्या कोणत्याही किमतीसाठी खरे असते, म्हणून ते सूत्र आहे. क्ष + ३ = ७ हे केवळ क्ष = ४ असताना खरे असते, म्हणून ते समीकरण आहे. सूत्र सिद्ध करायचे असते, समीकरण सोडवायचे असते. वरील सूत्रात मधले पद गाळून (अ + ब)^२ = अ^२ + ब^२ असे लिहिणे ही बहुधा शालेय बीजगणितातील सर्वांत चिवट चूक असावी. तिच्यावर दोन उपाय आहेत. पहिला ताळ्याचा: अ = २, ब = ३ घेतल्यास डावीकडे २५ आणि उजवीकडे १३ येतात. दुसरा आकृतीचा: अ + ब बाजूचा चौरस काढून तो अ आणि ब या लांबींवर आडवा-उभा विभागावा, अ बाजूचा एक चौरस, ब बाजूचा एक चौरस आणि अ × ब चे दोन आयत स्पष्ट दिसतात. २अब हे पद म्हणजे तेच दोन आयत. √(९ + १६) = ३ + ४ ही चूकही याच घराण्यातील आहे; √२५ = ५ आहे, ७ नाही.

अपूर्णांकांतील छाटणीबाबतही अशीच शिस्त लागते. (क्ष + ६)/६ यात वरचा आणि खालचा ६ छाटून क्ष लिहिले जाते. क्ष = ६ घालून पाहावे: खरी किंमत २ आहे, छाटून आलेली ६. छाटता येतो तो अवयव, म्हणजे गुणाकाराने जोडलेली राशी. बेरजेने जोडलेले पद छाटता येत नाही. समीकरण सोडवताना 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे पक्षांतराचे वाक्य वेगाने काम करण्यासाठी ठीक आहे, परंतु दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली जाते हे त्यामागचे कारण विसरले गेले, की ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ असे लिहिणारे विद्यार्थी दिसू लागतात. ३ हा गुणाकाराने जोडलेला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचे आणि क्ष = ४ मिळवायचे. क्ष^२ = ५क्ष यात मात्र दोन्ही बाजूंना क्ष ने भागण्याचा मोह टाळावा. भागल्यास क्ष = ५ एवढेच उत्तर मिळते आणि क्ष = ० हे दुसरे खरे उत्तर हरवते, कारण भागताना क्ष शून्य नाही असे आपण न सांगता मानलेले असते. क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडले, की दोन्ही उत्तरे मिळतात.

संख्या, घात आणि बीजगणित एकत्र येतात ते करणींच्या, म्हणजे √२ सारख्या अपरिमेय मुळांच्या, उदाहरणांत. √१८ + √८ सोडवताना √१८ = ३√२ आणि √८ = २√२ असे लिहिले, की बेरीज ५√२ होते; हे ३क्ष + २क्ष = ५क्ष यासारखेच सरूप पदांचे एकत्रीकरण आहे. √२ + √३ ही मात्र विरूप पदे आहेत, त्यांचे √५ होत नाही. १/(√३ − √२) या राशीच्या छेदाचे परिमेयीकरण करताना, म्हणजे छेदातील मुळे घालवताना, अंश आणि छेद यांना √३ + √२ ने गुणतात; छेदात (अ − ब)(अ + ब) = अ^२ − ब^२ हे सूत्र लागून ३ − २ = १ उरतो आणि उत्तर √३ + √२ येते. १०३ × ९७ हा गुणाकार तोंडी करणारा विद्यार्थीही तेच सूत्र वापरत असतो: १०,००० − ९ = ९,९९१.

शेवटी असे एक उदाहरण घेऊ, ज्यात केवळ आठवीचे बीजगणित लागते आणि ज्याला संशोधनाची चव आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म मांडला. त्याच कृतीचे तीन अंकी रूप आधी पाहू. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ ३५२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि ४९५ वर कृती केली तरी पुन्हा ४९५.

हे का घडते, ते बीजगणित सांगते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क असतील, तर वजाबाकी (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क) अशी येते. मधला अंक नाहीसा झाला, आणि उत्तर ९९ च्या पटीतच येणार हे ठरले. अ − क = ड मानू; ड ची किंमत १ ते ९ मधली आहे. ९९ड हे १००(ड − १) + ९० + (१० − ड) असे लिहिता येते, म्हणजे उत्तराचे अंक ड − १, ९ आणि १० − ड असतात. त्यांतला सर्वांत मोठा अंक नेहमी ९, आणि सर्वांत लहान अंक ड − १ व १० − ड यांपैकी जो लहान असेल तो. म्हणून पुढच्या पायरीचा ड म्हणजे ९ मधून तो लहान अंक वजा केल्यावर येणारी संख्या. आता नऊच किमती तपासायच्या राहिल्या: १ वरून ९, ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ वरून पुन्हा ५, तसेच २ वरून ८, ३ वरून ७ आणि ४ वरून ६. प्रत्येक वाट ५ कडेच जाते, आणि ९९ × ५ = ४९५. ९९ हे उत्तर आल्यास ते ०९९ असे तीन अंकी लिहावे, एवढी काळजी घेतली, तर जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत ४९५ येते, हेही या साखळीवरून मोजता येते.

चार अंकी संख्येसाठी अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील (येथे ड हा चौथा अंक, वरची वजाबाकी नव्हे), तर पहिली वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते. येथे मधले अंक नाहीसे होत नाहीत, म्हणून तपासणी लांबते. परंतु अ − ड आणि ब − क या दोनच संख्यांवर उत्तर अवलंबून आहे, आणि ब − क कधीही अ − ड पेक्षा मोठा नसतो, त्यामुळे ती हाताने पूर्ण करता येण्याइतकीच राहते. ७६४१ − १४६७ = ६१७४ यात अ − ड = ६ आणि ब − क = २ आहेत, आणि ९९९ × ६ + ९० × २ यांची बेरीज ६१७४ येते. उरलेल्या जोड्यांचा तक्ता वहीत मांडून, प्रत्येक जोडीवरून पुढची जोडी कोणती येते ते लिहीत गेल्यास, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ का मिळते ते विद्यार्थ्याला स्वतःच दाखवता येईल.